‘सोसायटी’तला आणि ‘केलं’मधला अ

प्रश्न ऐरोलीहून आला आहे. थोडक्यात असा: “मी एका कंपनीत अमेरिकेतल्या ग्राहकांशी फोनवर बोलतो. आमच्या ट्रेनरचं म्हणणं, माझे सगळे स्वर जड येतात, ‘श्वा’ वापरायला शिका. श्वा ऐकला तर तो मला आपला अ वाटला. तो तर मी जन्मापासून म्हणतोय. मग चुकतंय कुठे? हा स्वर नीट काढायचा कसा, आणि बाकीच्या भाषांत तो असतो का? आणखी एक. माझी पुतणी दुसरीत आहे, घोडबंदर रोडच्या एका इंग्रजी शाळेत. ती ‘केलं’ला ‘केलम्’ वाचते. तिच्या उच्चारात दोष आहे का?”

दोन्ही प्रश्न एकाच स्वराचे आहेत, म्हणून एकत्रच उत्तर देते. नौपाड्यात मी बावीस वर्षं स्पीच थेरपी करते आहे. तोतरेपणा, पक्षाघातानंतर गेलेली वाचा, कानाला यंत्र लावलेली मुलं हे माझं रोजचं काम. गेल्या काही वर्षांत तुमच्यासारखे नोकरीसाठी उच्चार सुधारायला येणारेही वाढलेत. या सगळ्यांच्या बाबतीत मला पुन्हा पुन्हा अ पाशी यावं लागतं. तुमचा अंदाज बरोबर आहे. श्वा म्हणजे जवळजवळ आपला अ. तुमच्या तोंडात तो उत्तम आहे. तुम्ही इंग्रजी बोलताना कानाऐवजी स्पेलिंगचं ऐकता, अडचण तिथे आहे.

आधी तो निघतो कसा ते बघू. खांदे सैल सोडा, तोंड मिटून दोन श्वास घ्या. जीभ आपोआप तोंडाच्या मध्यावर पडून राहते. आता दातांमध्ये पेन्सिल जाईल एवढीच फट करा आणि फक्त आवाज सोडा. जीभ हलवायची नाही, ओठ ताणायचे नाहीत, गोल करायचे नाहीत. जो निघेल तो अ. मग हनुवटीखाली बोट आडवं धरून अ–आ, अ–आ म्हणा. आ ला हनुवटी बोटाला खाली ढकलते, अ ला परत येते. अ–ई म्हटलंत तर जीभ पुढे वर चढते. अ–ऊ म्हटलंत तर ती मागे सरते आणि ओठ गोल होतात. प्रत्येक वेळी परतायची जागा तीच. शब्द आठवेना की आपण “अं…” करून थांबतो, तेव्हाही जीभ याच जागी असते.

याला भौतिकशास्त्रातही सुंदर आधार आहे. स्वरतंतूंपासून ओठांपर्यंतची पोकळी प्रौढ पुरुषात साधारण १७ ते १७.५ सेंटिमीटर लांब असते. एका टोकाला बंद, दुसऱ्या टोकाला उघडी आणि सगळीकडे सारख्या रुंदीची एवढी लांब नळी घेतली, तर ती ५००, १५०० आणि २५०० हर्ट्झच्या आसपास घुमते. अ म्हणताना आपलं तोंड अशा सरळ नळीच्या सर्वांत जवळ असतं. माझ्याकडच्या संगणकावर आवाजाचा आलेख काढला की अ चे पट्टे, म्हणजे आवाज जिथे जास्त घुमतो त्या जागा, जवळजवळ समान अंतरावर दिसतात. ई म्हटलं की पहिला पट्टा ३०० च्या आसपास उतरतो आणि दुसरा २२०० च्या वर जातो. आ म्हटलं की पहिला ७०० कडे चढतो आणि दुसरा खाली ११००–१२०० वर येतो. बायकांची आणि मुलांची नळी आखूड, म्हणून त्यांचे आकडे वर सरकतात, पण स्वरांचं एकमेकांशी नातं तसंच राहतं. बाकीचे स्वर म्हणजे या नळीला कुठे ना कुठे दिलेला चिमटा. म्हणून अ ला कोणी ‘आळशी स्वर’ म्हटलं की मला पटत नाही. तो मूळ जागेवरचा स्वर आहे.

एक बारीक फरक मात्र सांगायला हवा. ‘घर’, ‘मन’ यांतला आपला अ थोडा उघडा असतो, कारण त्या शब्दात तोच एक स्वर आणि सगळा जोर त्याच्यावर. इंग्रजीत या जोरदार अ ला वेगळा स्वर मानतात. ‘कप’ मधला स्वर तो. श्वा त्याहून थोडा मिटलेला, आखूड आणि नेहमी बिनजोराचा. ‘अबाउट’च्या सुरुवातीचा अ हा श्वा. आपण दोन्ही एकाच अक्षराने लिहितो आणि मराठीपुरतं त्याने काही बिघडत नाही.

आता तुमची अडचण. ठाण्यात किंवा नवी मुंबईत राहणारा माणूस दिवसातून दहा वेळा बोलतो असे दोन शब्द घ्या: ‘सोसायटीची कमिटी’. ‘कमिटी’ आपण इंग्रजांसारखंच म्हणतो. स्पेलिंगमध्ये क नंतर ओ आहे, तरी आपण ‘कोमिटी’ म्हणत नाही. हा शब्द मराठीत कानावाटे आला. ‘सोसायटी’ला मात्र आपण स्पेलिंगमधला ओ पूर्ण गोल करून म्हणतो. इंग्रजी बोलणारा ‘ससायटी’च्या जवळ म्हणतो, आणि जोर सगळा ‘साय’वर. ‘पोलीस’चं तसंच, त्यांचा उच्चार ‘पलीस’सारखा. ‘प्रॉब्लेम’मधला ए त्यांच्याकडे अ होतो. ‘बनाना’त जोर मधल्या स्वरावर, पण शेवटी आपण दुसरा आ ठेवतो तिथे त्यांचा श्वा असतो. रोमन लिपीतला कुठलाही स्वर, ए असो, ई, आय, ओ किंवा यू, बिनजोराच्या जागी आला की श्वा होऊ शकतो. श्वाला इंग्रजीत स्वतःचं अक्षरच नाही. म्हणून स्पेलिंग वाचून तो कधीच सापडत नाही.

जोर हलला की श्वाही हलतो, हे ‘फोटोग्राफ’ आणि ‘फोटोग्राफी’त स्वच्छ ऐकू येतं. पहिल्या शब्दात जोर ‘फो’वर, म्हणून ‘फो’ भरीव. दुसऱ्यात जोर ‘टॉ’वर गेला, आणि मागचा ‘फो’ मिटून ‘फ’ झाला: ‘फटॉग्रफी’.

फोनच्या कामात तुम्हाला सर्वांत जास्त नडत असेल तो मात्र छोटा शब्द आहे: ‘कॅन’. “आय कॅन हेल्प यू” म्हणताना अमेरिकन माणूस ‘कॅन’ला जवळजवळ ‘कन्’ करून ‘हेल्प’वर जोर देतो. नकार द्यायचा असेल तेव्हा तो स्वर पूर्ण उघडतो, आणि ‘कान्ट’च्या त्यांच्या रूपातला शेवटचा ट् बहुतेक वेळा ओठातच राहतो. तुम्ही भरीव ‘कॅन’ म्हटलंत की पलीकडच्याला क्षणभर नकारच ऐकू येतो. गेल्या वर्षी माझ्याकडे वाशीहून एक मुलगा यायचा. ग्राहक पुन्हा पुन्हा “करू शकता की नाही?” विचारतात म्हणून तो अगदी खचला होता. आम्ही बाकी सगळं बाजूला ठेवून पंधरा दिवस फक्त ‘कन्’, ‘टं’, ‘फर’, ‘अव्’ (म्हणजे कॅन, टू, फॉर, ऑफ) असे बारके शब्द घटवले. ज्या शब्दावर जोर तिथेच टेबलावर टिचकी मारायची, बाकीचे शब्द टिचकीच्या मध्ये जातील तसे जाऊ द्यायचे. तुम्हीही हेच करा. एक वाक्य घ्या, त्याचं स्पेलिंग बघूच नका, ऐकून देवनागरीत लिहा आणि बिनजोराच्या प्रत्येक जागी अ लिहा. आपली लिपी इथे फार कामी येते, कारण अ आपल्याकडे सुट्टं, स्वतंत्र अक्षर आहे.

स्वर मिटवणं ही गोष्ट आपल्याला परकी आहे, असंही समजू नका. ‘माणूस’ घ्या. ‘ला’ लावलंत की ‘माणसाला’ होतं, म्हणजे दीर्घ ऊ चा अ झाला. आणि बोलताना तो अ सुद्धा राहत नाही, आपण ‘माण्साला’ म्हणतो. ‘लाकूड–लाकडाला’, ‘कापूस–कापसाचा’ यांचीही तीच वाट. मिसळ खायला गेलात तर ‘मिसळ’ म्हणताना स मधला अ ऐकू येतो आणि ळ मधला जातो. ‘मिसळीत तर्री कमी आहे’ म्हटलंत की स मधला अ सुद्धा गेला: ‘मिस्ळीत’. शब्द लांबला की आतला बिनजोराचा अ गळतो, हे आपण रोज करतो, शिकवलेलं नसताना.

तुमच्याच ट्रान्स-हार्बर मार्गावर स्टेशनं मोजत जा. ‘घणसोली’ आपण ‘घण्सोली’ म्हणतो. ‘कोपरखैरणे’ म्हणतो ‘कोपर्‌खैर्णे’. पुढे ‘पनवेल’चं ‘पन्वेल’, इकडे ‘कळवा’चं ‘कळ्वा’, पलीकडे ‘डोंबिवली’चं ‘डोंबिव्ली’. नियम ढोबळमानाने असा: शब्दाच्या शेवटचा अ जातो. मधला अ जातो तो जेव्हा त्याच्या अलीकडच्या व पलीकडच्या अक्षरांना स्वर टेकू देतात तेव्हा. ‘रबाळे’तला पहिला अ जात नाही, कारण त्याच्या मागे टेकायला स्वरच नाही. जोडाक्षरानंतरचा शेवटचा अ सुद्धा तग धरतो. ‘शब्द’, ‘चंद्र’, ‘पत्र’ म्हणून बघा, शेवटी किंचित अ राहतोच. रोमन पाटीवर मात्र अ आणि आ या दोघांना एकच अक्षर. म्हणून बाहेरून आलेला माणूस ‘रबाळे’ला ‘राबाले’ म्हणतो, ‘राम’चा ‘रामा’ होतो आणि ‘योग’चा ‘योगा’.

याहून मोलाची एक गोष्ट मराठीत आहे. हिंदीच्या व्याकरणात ती नाही. आपल्याकडे अ लांबही होतो आणि लांब होऊन अर्थ बदलतो. ‘घर’ एक, ‘घरं’ अनेक. ‘झाड–झाडं’, ‘दार–दारं’, ‘पुस्तक–पुस्तकं’. शेवटी एक लांबवलेला अ, त्याच्यावर अख्खं अनेकवचन उभं आहे. ‘केलं’, ‘असं’, ‘झालं’, ‘ठाणं’ यांचाही शेवट तोच. जुन्या लेखनात ‘केलें’ असं सानुनासिक रूप होतं, त्याचाच बोलण्यातला हा पुढचा टप्पा. नाकातली झाक बहुतेकांच्या बोलण्यातून गेली आहे, कोकणातल्या काही घरांत ती अजून ऐकू येते. मराठी साहित्य महामंडळाचे लेखननियम १९६२ मध्ये आले, तेव्हा ‘नांव’, ‘पांच’ अशा शब्दांवरचे उच्चारात नसलेले अनुस्वार गेले. बोलण्यातली ‘केलं’, ‘असं’ ही रूपं लिहिताना मात्र शेवटच्या अक्षरावर अनुस्वार राहिला. म्हणजे इथे टिंब नाकासाठी नसून ‘हा अ गिळू नका, लांबवा’ एवढं सांगण्यासाठी आहे. मला ही योजना फार आवडते. टिंब नसतं तर ‘घर’ आणि ‘घरं’ कागदावर सारखेच दिसले असते. मोबाइलवर रोमन लिपीत मराठी लिहिणाऱ्यांचं नेमकं हेच होतं, ‘केला’ आणि ‘केलं’ त्यांना एकाच स्पेलिंगमध्ये कोंबावे लागतात.

अ आणि आ यांतला फरक नुसत्या लांबीचा नाही, ही गोष्ट आपल्याकडे फार पूर्वी कोणीतरी ओळखली होती. पाणिनीच्या अष्टाध्यायीचं शेवटचं सूत्र, आठव्या अध्यायाच्या चौथ्या पादातलं अडुसष्टावं, फक्त दोन अक्षरांचं आहे: ‘अ अ’. उच्चारात ऱ्हस्व अ संवृत, म्हणजे मिटलेला, आणि आ विवृत, म्हणजे उघडा. पण राम आणि आलय मिळून ‘रामालय’ होतं, तेव्हा या दोघांना एकाच जातीचे स्वर मानल्याशिवाय संधीचा नियम चालत नाही. म्हणून पाणिनी अख्ख्या व्याकरणात अ ला विवृत धरून चालतो, आणि काम संपल्यावर शेवटच्या सूत्राने त्याला परत संवृत करतो. जो विवृत अ धरला होता, तो संवृत अ समजा, एवढाच त्याचा अर्थ. हनुवटीखाली बोट धरून तुम्हाला जाणवलं ते हेच.

‘श्वा’ हे नाव हिब्रूतून आलं. हिब्रूत अक्षराखाली दोन टिंबं देतात, तो श्वा. ती टिंबं कधी ‘इथे बारीक स्वर आहे’ असं सांगतात आणि कधी ‘इथे स्वरच नाही’ असं. वाचणाऱ्याने जागा बघून ठरवायचं. आपण ‘कमल’ आणि ‘कमला’ वाचताना म वर जे ठरवतो, त्याच्या फार जवळचं हे काम. आजच्या हिब्रूत मात्र त्या टिंबांचा उच्चार बहुतेक ए सारखा होतो किंवा होतच नाही, म्हणजे ज्या भाषेने नाव दिलं तिथेच तो स्वर उरला नाही. उलटा केलेला रोमन ई हे त्याचं आंतरराष्ट्रीय चिन्ह एकोणिसाव्या शतकात जर्मन बोलींचा अभ्यासक योहान आंद्रेआस श्मेलर याने वापरात आणलं. जर्मन शब्दांच्या शेवटचा ई असाच बारीक असतो. ‘कृपया’ या अर्थी ते ‘बिटं’ म्हणतात तेव्हा शेवटचा स्वर आपल्या ‘असं’च्या जवळ जातो, फक्त आखूड.

बाकीच्या भाषांत प्रत्येकीने अ ला वेगळं काम दिलं आहे. बंगालीत तो ओठ गोल करून ऑ किंवा ओ कडे गेला, म्हणून आपलं ‘जल’ त्यांचं ‘जॉल’. कन्नडात शब्दाच्या शेवटचा अ गळत नाही, ‘राम’ पूर्ण म्हणतात. रशियनमध्ये जोर नसलेला ओ मिटतो. दुधाला लिहितात ‘मोलोको’, म्हणतात ‘मलाको’, आणि त्यातला पहिला स्वर निखळ श्वा. फ्रेंचमध्ये तो आपल्यासारखाच गळतो. शनिवारचा शब्द लिहिताना मध्ये ई आहे, बोलताना ‘साम्दी’. दक्षिण फ्रान्समध्ये मात्र शब्दाच्या शेवटचे असे ई अजून ऐकू येतात. आर्मेनियनचं आपल्या अगदी उलट. आपण अ लिहितो आणि म्हणत नाही, ते पाच-पाच व्यंजनं सलग लिहितात आणि न लिहिलेले श्वा मध्ये घालून म्हणतात.

इंग्रजीत श्वावर जोर येत नाही, म्हणून काही पुस्तकं सरसकट तसा नियम सांगतात. तो खरा नाही. रोमानियनमध्ये सफरचंदाला ‘मर’ म्हणतात, त्यातला एकमेव स्वर श्वा आणि जोरही त्याच्यावरच. त्या लिपीत त्याला टोपीवालं स्वतंत्र अक्षर आहे. बल्गेरियनमध्येही स्वतंत्र अक्षर आहे. इंडोनेशियनमध्ये एकाच अक्षराचे दोन उच्चार होतात. ‘अपल’सारखं म्हटलं तर सफरचंद, ‘अपेल’सारखं म्हटलं तर हजेरीची रांग. लिहितात दोन्ही सारखंच.

आता तुमची पुतणी. मागच्या पावसाळ्यात अशीच एक सात वर्षांची मुलगी आजीबरोबर माझ्याकडे आली होती. शाळेतून ‘मराठी उच्चार अस्पष्ट’ अशी चिठ्ठी आणली होती. पुस्तकातलं वाक्य होतं, ‘आईने झाडं लावली.’ तिने वाचलं, ‘झाडम् लावली.’ मी पुस्तक मिटून तिला खिडकीपाशी नेलं. समोरच्या सोसायटीच्या भिंतीलगत अशोकाची चार झाडं आहेत. “काय दिसतंय?” तर लगेच म्हणाली, “झाडं.” स्वच्छ, पुरतं लांब. “किती?” “चार झाडं.” मग मी पाटीवर तोच शब्द लिहिला. तिने वाचला, “झाडम्.” तोंडात दोष असता तर खिडकीतही ऐकू आला असता. दोष वाचायला शिकवण्यात होता. मुळाक्षरं घोकताना मुलं ‘अम्, अहा’ म्हणतात, आणि टिंब दिसलं की म् म्हणायचं हे डोक्यात पक्कं बसतं. घरी मराठी पुस्तक हाती येत नाही, त्यामुळे कान आणि डोळे यांची गाठ पडत नाही.

मी तिला एवढंच दिलं: पाटीवर ‘झाड’ लिहिलं आणि त्यापुढे ‘झाडं’. ‘झाडं’च्या खाली खडूने लांब रेघ ओढली. बोट रेघेवरून जाईपर्यंत आवाज थांबवायचा नाही आणि ओठ मिटू द्यायचे नाहीत. ओठ मिटले की म् आलाच, हे आरशात तिचं तिलाच दिसत होतं. तिसऱ्या दिवशी ती ‘दारं’, ‘घरं’, ‘पुस्तकं’, ‘केलं’ सगळं नीट वाचत होती आणि तिने मला विचारलं, “मग आंबामध्ये टिंबाला म् का म्हणायचं?” मी तिला सांगितलं, तिथे पुढे ब आहे, ओठ तसेही मिटणारच आहेत. तिने ‘आंबा’ आणि ‘आंबे’ दोन्ही आरशासमोर म्हणून बघितले आणि मान डोलावली.

पुतणीलाही आधी पुस्तकाशिवाय बोलतं करा. “काल काय काय केलं?” विचारा आणि ‘केलं’, ‘खाल्लं’, ‘बघितलं’ नीट येतंय का ऐका. येत असेल तर उच्चाराचा दोष नाही. पाटी, रेघ आणि आरसा यांवर आठवडाभर रोज दहा मिनिटं पुरतील. मात्र बोलतानाही शब्दांचे शेवट गळत असतील, स आणि श मध्ये गोंधळ होत असेल किंवा टीव्हीचा आवाज ती सारखा वाढवत असेल, तर उच्चार शिकवायच्या आधी ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकण्याची तपासणी, करून घ्या.